नातं जुळलं की कंडोम सुटतो

समलिंगी मुलांच्या एचआयव्हीचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर ठरावीक जागा येतात. स्टेशनचं स्वच्छतागृह, अंधारी बाग, ॲपवर अर्ध्या तासात ठरलेली भेट. धोका असतो तो तिथे, असं आपण धरून चालतो. सरकारी कार्यक्रमाची भाषा सभ्य असली तरी तोही बऱ्याच अंशी हेच धरून चालतो. घरी कळलंच आणि घरच्यांनी रडून-भांडून झाल्यावर कसंबसं पदरात घेतलंच, तर त्यांचाही शेवटचा सल्ला तोच असतो : निदान एकाबरोबर राहा रे बाबा.

हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो हे मान्य. पण विशीतल्या मुलाच्या बाबतीत तो अपुरा आहे, आणि अपुरा असूनही पूर्ण असल्यासारखा दिला जातो म्हणून घातक आहे. अनोळखी माणसाला भेटताना मुलगा थोडा तरी सावध असतो. खिशात कंडोमचं पाकीट असतं, मनात धाकधूक असते. जो आवडतो, ज्याच्याबरोबर आपण गणपतीत त्याच्या घरी ‘रूममेट’ म्हणून जेवून आलोय, त्याच्यासमोर ही सगळी सावधगिरी गळून पडते. आणि आपला प्रतिबंधाचा कार्यक्रम नेमका तिथे पोहोचण्याआधीच थांबलेला असतो.

ही काही माझी कल्पनेची भरारी नाही. संशोधक ब्रायन मुस्टान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या शिकागोतल्या तरुण मुलांवरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला सोळा ते वीस वयाची १२२ मुलं, वर्षभराचा पाठपुरावा. कोणत्या गोष्टींमुळे कंडोमशिवाय संबंध वाढतात, हे त्यांना पाहायचं होतं. जोडीदार वयाने मोठा असणं, संबंधाआधी नशा करणं, नात्यात मारहाण किंवा जबरदस्ती असणं, या सगळ्यांचा परिणाम दिसला. पण सगळ्यांत मोठा परिणाम होता तो मुलाने त्या नात्याला ‘सिरियस’ मानण्याचा. तसं मानलं की कंडोमशिवाय संबंधांचं प्रमाण जवळपास आठपट होत होतं. आणि ज्याच्या नावाने आपण सगळे बोटं मोडतो ते इंटरनेट? ऑनलाइन भेटलेल्या जोडीदारांबरोबर धोका लक्षणीय वाढलेला आढळला नाही.

त्याआधी २००३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी गणिती मॉडेल मांडून तिथल्या समलिंगी पुरुषांमधल्या नव्या संसर्गांचा हिशेब केला होता. त्यांच्या अंदाजाने ८६ टक्के संसर्ग कायमच्या जोडीदाराकडून होत होते. अमेरिकेतल्या पाच शहरांच्या माहितीवरून २००९ मध्ये असाच अंदाज निघाला, तिथे आकडा ६८ टक्के होता. हे आकडे उचलून जसेच्या तसे नागपूर किंवा नाशिकवर चिकटवणं चूक ठरेल. तिथली चाचणीची सोय वेगळी, लपवालपवी वेगळी, आणि दोन्ही आकडे मॉडेलमधून आलेले. पण त्यामागचं तर्कशास्त्र इथेही तेच आहे आणि ते समजायला गणितज्ञ व्हावं लागत नाही.

उपचार न घेतलेल्या एचआयव्हीबाधित जोडीदाराबरोबर कंडोमशिवाय गुदसंबंध आला, तर स्वीकारणाऱ्या जोडीदाराला एका वेळेचा धोका साधारण दहा हजारांत १३८ इतका धरतात. म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी. एका रात्रीच्या भेटीत तो तेवढाच राहतो. पण प्रेमात पडलेलं जोडपं एकदा भेटून थांबत नाही. आठवड्यातून दोनदा धरा. सहा महिन्यांत पन्नासेक वेळा होतात. तोच आकडा पन्नास वेळा लावून पाहिला, तर लागण होण्याची शक्यता पन्नास टक्क्यांच्या आसपास पोहोचते. हिशेब ढोबळ आहे. खरा धोका विषाणूच्या प्रमाणावर, इतर गुप्तरोगांवर, कोण कुठल्या भूमिकेत आहे यावर बदलतो. संसर्ग होऊन काहीच आठवडे झालेले असतील तर रक्तातला विषाणू भरमसाट वाढलेला असतो आणि धोका आणखी चढतो. तरी मुद्दा दिसतो. नात्यात संबंधांची संख्या वाढते आणि कंडोम कमी होतो, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात.

खरं तर हे सांगायला शिकागोला जायचीही गरज नव्हती. पुण्यानेच हे जगाला सांगितलं आहे. तेव्हा ‘नारी’ या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत असलेले डॉ. रमण गंगाखेडकर (हो, करोनाच्या काळात रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसायचे तेच) आणि त्यांचे सहकारी यांचा अभ्यास १९९७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या बायकांची तपासणी त्यांनी केली होती. वेश्याव्यवसायात नसलेल्या बायकांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण १३.६ टक्के निघालं. यातल्या बहुसंख्य विवाहित होत्या आणि त्यांचा संबंध आयुष्यात एकाच पुरुषाशी आलेला होता. ‘एकाबरोबर राहा’ हा सल्ला त्यांनी शब्दशः पाळला होता. त्या एकाला काय झालंय हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायची सोय तर नव्हतीच.

त्यातून महाराष्ट्र काहीतरी शिकला. गरोदर बाईची तपासणी करताना नवऱ्यालाही बोलवायचं, पॉझिटिव्ह पुरुषाच्या बायकोपर्यंत पोहोचायचं, हे आपल्या यंत्रणेच्या अंगवळणी पडलं. नात्यातला भरवसा म्हणजे लस नव्हे, हे आपण बायकांच्या बाबतीत मान्य केलं. दोन पुरुषांच्या नात्यात तेच मान्य करायला मात्र अजून जीभ रेटत नाही. कारण आधी ते नातं आहे, हेच मान्य करावं लागतं.

समजा, लातूरकडचा एक मुलगा आहे. इंजिनिअरिंग झालं, हिंजवडीत नोकरी लागली, वाकडला पीजीत तिघांत एक खोली. वय बावीस. ॲपवर पहिला प्रश्न ‘प्लेस आहे का?’, दुसरा टॉप की बॉटम (संबंधात देणारा की स्वीकारणारा), तिसरा ‘क्लीन आहेस ना?’. याच्याकडे प्लेस नाही. ज्याच्याकडे आहे तो चौतीस वर्षांचा, पिंपळे सौदागरला स्वतःचा वन बीएचके. बोलायला चांगला, कांदेपोहे करून घालणारा. पहिल्या दोन-तीन भेटींत कंडोम असतो. मग वीकेंड तिथेच जायला लागतात. मुलाचा टूथब्रश तिथे राहतो. आणि एके दिवशी पाकीट ड्रॉवरमधून निघतच नाही. कुणी ठरवलेलं नसतं. चर्चा तर झालेलीच नसते.

आता महिन्याभराने या मुलाला कंडोम पुन्हा आणायचा असेल तर? तो काय म्हणून आणणार? आणला की लगेच प्रश्न उभा राहतो : ‘का, माझ्यावर भरवसा नाही? की तूच कुठे जाऊन आलास?’ दोन्हींपैकी एक उत्तर अपमान आहे आणि दुसरं कबुली. माझ्या मते सगळा पेच या एका क्षणात आहे. सुरुवातीला कंडोम वापरणं सोपं असतं, कारण त्याचा अर्थ फक्त ‘आपण अजून ओळखत नाही’ एवढाच असतो. एकदा सुटला की त्याला परत आणण्याचा अर्थ बदललेला असतो. आपली पोस्टरं सांगतात ‘प्रत्येक वेळी कंडोम वापरा’. या पेचातून बाहेर कसं यायचं, ते कुठलंच पोस्टर सांगत नाही.

त्यात वयाचा आणि जागेचा मामला. चौतीसच्या माणसाने बारा वर्षं जास्त काढलेली आहेत, म्हणजे विषाणू गाठण्याची संधीही जास्त वर्षं मिळाली आहे. आणि ज्याची जागा त्याचं चालतं, हे भाड्याच्या घरात राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मुलाने फार ताणलं तर तो वीकेंड, ते पोहे, अख्ख्या पुण्यात आपण जसे आहोत तसं बसण्याची ती एकमेव जागा, सगळंच जाईल ही भीती असते. घरी सांगितलेलं नाही. ऑफिसात कुणाला माहीत नाही. नातं तुटलं तर रडायलाही पीजीचं बाथरूम. इतकी एकच दोरी हातात असलेला माणूस ती ताणून पाहत नाही.

समजा हे नातं पाच महिन्यांनी संपलं. मग दुसरं. तेही सिरियस. मग तिसरं. मुलगा शपथेवर सांगेल की मी एका वेळी एकाशीच असतो, आणि ते खरं असेल. पण दोन नात्यांमध्ये चाचणी झालेली नसते, आणि झाली तर नातं तुटल्यावर आठ दिवसांत होते. तेव्हा विंडो पीरियड संपलेला नसतो. नुकताच झालेला संसर्ग अशा चाचणीत सापडेलच असं नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. तोवर पुढचा जोडीदार आलेला असतो आणि त्याला तो ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट मोबाइलवर दाखवूनही झालेला असतो.

उभयलिंगी मुलांचं त्रांगडं आणखी वेगळं. मैत्रिणीबरोबर ते कंडोम कटाक्षाने वापरतात, कारण दिवस जाण्याची भीती खरी वाटते. मित्राबरोबर ती भीतीच नाही, मग कशाला? आणि पंचवीस ओलांडली की स्थळं यायला लागतात. लग्न झालेला पुरुष आपल्या पुरुष जोडीदाराला ‘तू एकटाच’ म्हणतो तेव्हा तो बायकोला मोजत नाही, आणि बायकोला तर यातलं काहीच ठाऊक नसतं. नातं जितकं लपलेलं, तितका त्यातला खरेपणा परवडत नाही. १९९७ च्या त्या पुण्याच्या दवाखान्यातल्या बायकांपर्यंत हा धागा पुन्हा जाऊन पोहोचतो.

आता सरकारी रुग्णालयातलं आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीचं समुपदेशन आणि चाचणी केंद्र घ्या. समुपदेशकाचं टेबल, कंडोमच्या डेमोसाठीचं लाकडी मॉडेल, जाडजूड रजिस्टर. लग्न झालंय का? जोडीदार किती? कंडोम वापरता : नेहमी, कधीकधी, कधीच नाही? मुलाने ‘एकच’ म्हटलं की समोरचा चेहरा सैल होतो. समोर नवरा असेल तर पुढचं वाक्य तयार असतं, ‘मिसेसना घेऊन या.’ समोर हा मुलगा असेल तर ते वाक्य येत नाही. ‘त्याला घेऊन ये, दोघांची एकदम करू’ असं म्हणणारे समुपदेशक नाहीत असं नाही. चांगली माणसं यंत्रणेत भरपूर आहेत. पण ते त्यांच्या चांगुलपणावर अवलंबून आहे. पद्धत म्हणून ते कुठे रुळलेलं नाही.

हे असं का झालं, याला इतिहास आहे. आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाविरुद्धची न्यायालयीन लढाई मुळात एचआयव्हीच्या दारातूनच आत शिरली. एड्सवर काम करणाऱ्या नाझ फाउंडेशनने २००१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली, तीच मुळी या कलमामुळे एड्स-प्रतिबंधाचं काम अडतं म्हणून. पुढे २०१२ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात आकडे दिले : समलिंगी पुरुष सुमारे २५ लाख आणि त्यातले ७ टक्के एचआयव्हीबाधित. त्या युक्तिवादाचा उपयोग झाला, नाही असं नाही. समलिंगींसाठीच्या संस्था, म्हणजे हमसफर ट्रस्ट १९९४ पासून मुंबईत आणि समपथिक ट्रस्ट २००२ पासून पुण्यात जे काम करत आले, त्याला सरकारी पैसा आणि थोडं तरी संरक्षण मिळालं ते याच भाषेमुळे. पण त्या भाषेची किंमतही मोजावी लागली. राज्याच्या वहीत आपण ‘अतिजोखमीचा गट’ म्हणून शिरलो. पुरुष मोजले गेले, त्यांचे जोडीदार किती तेही मोजलं गेलं. पण दोन पुरुष मिळून एक जोडपं होतं, हे त्या वहीत लिहायला रकानाच नव्हता.

अजूनही नाही. ३७७ मधली समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारी तरतूद ६ सप्टेंबर २०१८ ला गेली आणि बरोबर चार दिवसांनी, १० सप्टेंबरला, २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा लागू झाला. या कायद्यात जोडीदाराची व्याख्या आहे : पती किंवा पत्नी, प्रत्यक्षात तसं राहणारी व्यक्ती, किंवा जिच्याशी विवाहासारखं नातं आहे ती. वाकडचा मुलगा आणि पिंपळे सौदागरचा माणूस यांचं नातं ‘विवाहासारखं’ आहे का? ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिल्यावर कुठला वैद्यकीय अधिकारी हे ठामपणे ‘हो’ म्हणेल? २०२४ मध्ये केंद्राने एवढं मात्र स्पष्ट केलं की अशा जोडप्यांना बँकेत जोडखातं उघडता येईल आणि शिधापत्रिकेवर एका घरातले म्हणून नावं लावता येतील. चांगलंच झालं. दोघांना रेशनवर एक घर धरायला हरकत नसेल, तर आयसीटीसीच्या रजिस्टरमध्येही नसावी.

आणि अठराच्या आतल्यांबद्दल तर बोलायलाच नको. शिकागोच्या अभ्यासात सोळा वर्षांची मुलं होती. आपल्याकडे त्या वयाला चाचणीसाठी पालकाची संमती लागते, आणि मोकळेपणाने बोलायला जावं तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली पोलिसांना कळवण्याचं बंधन समुपदेशकाच्या मानेवर. म्हणजे मुलगा सतराव्या वर्षी पहिल्यांदा प्रेमात पडला, तर यंत्रणेच्या लेखी तो अजून जन्मालाच आलेला नाही.

यावर एक आक्षेप मला अगदी आपल्याच माणसांकडून ऐकायला मिळतो. आम्ही इतकी वर्षं सांगत आलो की आम्हीही प्रेम करतो, संसार करतो, आमच्याकडे नुसतं शरीर म्हणून बघू नका; आणि तू म्हणतोस की नात्यातच धोका? हे विरोधकांच्या हातात कोलीत देणं नाही का? आक्षेप रास्त आहे. पण नात्यातल्या धोक्याबद्दल न बोलल्याने विरोधक गप्प बसणार नाहीत, फक्त आपली पोरं अंधारात राहतील. शिवाय हा धोका समलिंगी नात्याचा खास गुण नाहीच. भरवशामुळे सावधगिरी सुटते ही गोष्ट पुण्यातल्या विवाहितांना लागू होती, आपल्यालाही लागू आहे. आपण इतरांसारखेच आहोत याचा यापेक्षा वेगळा पुरावा कुठला देणार!

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो : मग काय, जन्मभर कंडोम वापरायचा का नवरा-नवऱ्याने? मुळीच नाही. उलट माझं म्हणणं हेच आहे की कंडोम सोडायचा असेल तर तो ठरवून सोडा. दोघांनी एकत्र चाचणी करायची. विंडो पीरियड संपल्यावर पुन्हा करायची. तोवर कंडोम चालू. मग बसून बोलायचं की आपलं काय ठरलंय : फक्त आपण दोघं, की बाहेर गेलो तर काय करायचं, आणि मुख्य म्हणजे ठरलेलं मोडलं तर सांगायचं कसं. हा शेवटचा भाग बहुतेक जोडपी गाळतात आणि तोच कामाचा आहे. चूक झाल्यावर सांगता येत असेल तर ७२ तासांच्या आत पेप, म्हणजे लागण टाळण्यासाठी नंतर घ्यायची औषधं, सुरू करता येतं. नातं मोडेल या धाकाने तोंड मिटलं तर ते ७२ तास निघून जातात.

दोघांपैकी एक पॉझिटिव्ह निघाला तर? आकाश कोसळत नाही. युरोपातल्या ‘पार्टनर’ अभ्यासाच्या दुसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशी ७८२ पुरुष जोडपी, उपचारांमुळे विषाणू दबलेला, कंडोमशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध, आणि त्या जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. आपल्याकडे एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबणारी औषधं, २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत आहे आणि २०१७ पासून निदान झालं की लगेच सुरू करतात. विषाणू दबेपर्यंत, किंवा जोडीदाराच्या परिस्थितीचा भरवसा नसेल तोवर, निगेटिव्ह असलेल्याने प्रेप, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी, घ्यावं. गोळी भारतातच बनते, तरी घेणाऱ्या बहुतेकांना ती स्वतःच्या खिशातून घ्यावी लागते. नोकरीच्या पहिल्या वर्षात अर्धा पगार गावी पाठवणाऱ्या मुलाला ते कितपत झेपेल, हा प्रश्न वेगळा नाही.

दोघांची एकत्र चाचणी आणि एकत्र समुपदेशन, हे काही नवं खूळ नाही. रवांडा आणि झांबियात नवरा-बायकोंसाठी ते गेल्या शतकाच्या अखेरीस उभं राहिलं, अमेरिकेत ते पुरुष जोडप्यांसाठी बेतून घेतलं गेलं, जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये जोडप्यांच्या चाचणीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आपल्याकडे समुपदेशक आहेत, किट आहेत, नवऱ्याला बोलावून आणण्याचा बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे. वस्तीत आणि ॲपवर फिरून आपल्यासारख्यांना माहिती देणारे पिअर एज्युकेटर आहेत, ज्यांच्यापैकी कित्येक स्वतः अशा नात्यांत आहेत आणि त्या कंडोमच्या भांडणाची त्यांना तोंडपाठ माहिती आहे. त्यांना महिन्याला किती कंडोम वाटले याचा हिशेब मागितला जातो. किती जोडप्यांना एकत्र चाचणीला आणलं, हाही मागितला जावा. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पाचवा टप्पा मार्च २०२६ पर्यंतचा होता. त्यापुढच्या आराखड्यात ही एक ओळ आणि रजिस्टरमध्ये हा एक रकाना घालायला संसदेची परवानगी लागत नाही.